आपल्यातली म्हणून

शरच्चंद्र भागवतांनी शिफारसपत्र वाचून दाखवलं ते अगदी खुशीत. समोर उभी असलेली कालिंदी मात्र ऐकता ऐकता हिरमुसली.

पत्र इंग्रजीतलं, जेमतेम तीन वाक्यांचं. कुमारी कालिंदी ओक यांचं काम समाधानकारक आहे, वर्तन चांगलं आहे, त्या नियमित हजर असतात. बस, संपलं.

कॉलेजात ते तिचे सर आणि घरी बाबांचे मित्र, म्हणून काका. इंजिनिअरिंगच्या वर्गात ती एकटी मुलगी, त्यात मराठी. कलकत्त्यात आपली माणसं ती किती! भागवत आपल्या माणसाला वर आणतात असं कुणी म्हणू नये, म्हणून काकांनी चार वर्षांत तिला एकदाही शाबास म्हटलं नव्हतं. मार्कसुद्धा हात आखडूनच दिले. तिचीही तक्रार नव्हती. घरच्यांनी घरच्यांचं कौतुक करायचं नसतं, हे तिला बागबाजारच्या घरात लहानपणापासून शिकवलेलं.

पण अमेरिकेतल्या विद्यापीठाला हे कोण शिकवणार? असलं पत्र वाचून त्यांनी तिचा अर्ज सरळ बाजूला सारला असता. तिचे बाकीचे सगळे कागद पिशवीत तयार होते. आजच्या विमानटपालात पाकीट पडलं नाही तर मुदत हुकणार होती. आणि काका थोड्याच वेळात नागपूरची गाडी पकडायला हावड्याला निघणार होते. आतल्या खोलीत मालतीकाकू होल्डॉलचे पट्टे आवळत होत्या.

"कसं झालंय?" काकांनी विचारलं. "एक शब्द जास्तीचा नाही. बोट ठेवायला कुणाला जागा नाही."

"छान आहे," कालिंदी म्हणाली. घ्या! इथे गळ्याशी आलंय आणि ही बाई म्हणते छान आहे. पण वळणच तसं, मोठ्यांपुढे स्वतःसाठी काही मागायचं नाही.

काकांनी पत्राची घडी घातली आणि डिंकाची बाटली पुढे ओढली. कालिंदी पुढे सरकली.

"काका, हे पाठवू नका."

"का? वाईट काय लिहिलंय?"

"वाईट काहीच नाही. पण ते लोक याचा अर्थ मुलगी सुमार आहे असाच घेतील." आता तोंड उघडलंच होतं, तेव्हा ती थांबली नाही. "मागच्या वर्षी सुबीर बागचीचं पत्र तुम्ही सांगितलंत आणि मी टाइप केलं. असा विद्यार्थी मी पाहिला नाही, असं लिहिलं होतंत."

"हुशारच होता तो."

"होता ना. पण त्याची ट्रान्सफॉर्मरची गणितं अडली, तेव्हा तुम्ही त्याला माझ्याकडे पाठवलंत."

काकांचा चेहरा लाल झाला. "मग काय आपल्याच मुलीचे गोडवे गाऊ? लोक शेण घालतील तोंडात."

"मी एखाद्या मुखर्जींची मुलगी असते तर काय लिहिलं असतंत?" तिने सरळ विचारलं. "तेच लिहा. मी तुमच्यातली आहे याची शिक्षा मला का?"

आतला पट्ट्यांचा आवाज थांबला. कालिंदीला वाटलं, संपलं सगळं. पत्र गेलं, काकाही दुरावले, आणि आता हे बाबांच्या कानावर जाणार. तिला स्वतःचीच भीती वाटली.

काकांनी डिंकाची बाटली बाजूला सारली. त्यांनी लिहिलेलं पत्र फाडलं, टाइपरायटर पुढे ओढला आणि कागद चढवला. दोन बोटांनी टाइप करायचे ते, एकेक अक्षर शोधत. एक पान झालं, दुसरं चढवलं. मध्येच हात थांबवून ते खिडकीबाहेर बघत बसले.

"अहो, टॅक्सी आलीय," काकू दारात येऊन म्हणाल्या.

"थांबू दे तिला."

शेवटी त्यांनी सही केली, पाकीट चिकटवलं आणि त्यावर मूठ दाबून धरली. मग ते तिच्या हातात दिलं. पाकीट चांगलंच जाड लागत होतं.

"काका, काय लिहिलंत? मघासारखं वाचून नाही दाखवलंत?"

काका बुटाच्या नाड्या बांधायला खाली वाकले. वर काही बघेनात.

"तोंडावर स्तुती करायची आपल्यात पद्धत नाही," ते म्हणाले. "पळ आता, पोस्ट बंद होईल."