देवलोकाचे बूट

दिग्रसच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये सकाळपासून माणसं चालत होती आणि कुणीही कुठं पोचत नव्हतं. तरी बाहेर रांग वाढतच होती.

मधोमध भल्या थोरल्या परातीसारखा काळा, गुळगुळीत, खोलगट चौथरा होता. भक्तानं त्यात उभं राहायचं, कमरेला पट्टा, पायात महाराजांचे बूट, डोळ्यांवर काळा डबा. मग चालायचं. पाय परातीत घसरून मागं यायचे, माणूस जागच्या जागी, पण ओरडायचा, "पोचलो बाप्पा! देवलोक दिसून राह्यला!" की बायका हात जोडायच्या.

"देह इथे, गती तिथे!" 'चालते महाराज' म्हणवणारे बुवा माइकवर गरजत होते. "हे यंत्र नव्हे, भूमंडल आहे! ही वायर नव्हे, सुषुम्ना नाडी आहे!"

मघाशी लाइट गेली, तेव्हा त्यांनी देवलोकाला ग्रहण लागल्याचं जाहीर केलं. शिष्यानं जनरेटर लावून ते सोडवलं.

दीपा वडिलांशेजारी रांगेत उभी होती. मारेगावच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची. आई गेल्यापासून तिला काही वाटेनासं झालं होतं. तेरवीसुद्धा तिनं वर्गाची हजेरी घ्यावी तशी उरकली. वडील, विठ्ठलराव, यांना साखरेचा आजार, डाव्या तळपायाला जखम. यवतमाळच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, पायावर भार देऊ नका, भरती व्हा, नाहीतर पाय कापावा लागेल. म्हणून विठ्ठलराव रोज इथं येऊन चालत होते.

"अप्पा, घरी चला. पाय जाईल तुमचा."

"दुखून नाही राह्यला न पण! महाराजाची कृपा."

"साखरेनं नसा मेल्या, म्हणून दुखत नाही."

"तुले सगळं मेलेलंच दिसते. तुही माय तिथं उभी हाय, हिरव्या लुगड्यात. रोज पाह्यतो मी."

"तोंड पाहिलं?"

"पाठमोरी हाय. जवळ गेलो का पाहीन."

मागून बाबुलाल म्हणाला, "माही माय बी हिरव्याच लुगड्यात हाय. पाठमोरी."

"माही सासू बी," चंदाबाई म्हणाली. "जित्तेपणी तर हिरवं पाहून आग व्हायची बुढीची."

दीपाला हसू यायला हवं होतं. आलं नाही. कुणीतरी आपला मेलेला बैल पाहायला मागितला होता. बैलांचा विभाग दुरुस्तीला काढलाय, असं महाराजांनी त्याला गंभीरपणे सांगितलं.

अप्पांचा नंबर आला. ते घसरत घसरत चालू लागले. "देऊळ आलं! पायरीपाशी आलो!" आणि मग देवळाच्या पायरीपाशी त्यांनी जन्मभर जे केलं होतं तेच केलं. पट्ट्याला रेलून एकेक पाय वर घेतला आणि बूट काढले.

"बूट नाही काढायचे!" महाराज किंचाळले. "तिथली भूमी तप्त आहे!"

"देवळात पायताण घालून जाऊ? मले कोनी काय म्हणन? दीपा, धर व."

दीपानं बूट धरले. डावा आतून ओला होता. पाहायला तिनं तो पुढं घेतला, तसे अप्पा ओरडले, "अरे! मी उभा हाय, तरी पुढं सरकून राह्यलो!"

दीपा थबकली. मग तिनं दोन्ही हातांत बूट घेऊन ते हवेत चालवले, एक पुढं, एक मागं.

"देवळात शिरलो! पाय न हालवता!"

"बाबुलालभाऊ, तुम्ही चालवून पाहा."

बाबुलालनं दणादण चालवले.

"अबे हळू! पडीन न मी!" परातीत ठाम उभे असलेले अप्पा ओरडले. "आली, विमल आली, तुही माय..." मग त्यांनी हवेत हात पुढं केला. "दीपा, तोंडच नाही व तिले. सपाट हाय."

"बनवलंच नाही, अप्पा. पाठमोरीच उभी ठेवायची होती." ती लोकांकडं वळली. "बुटात छोटी यंत्रं आहेत. बूट हलले की डब्यातलं चित्र सरकतं. परात गुळगुळीत, म्हणून पाय घसरतो. पट्टा पडू देत नाही. शहरात पोरं यावर लढाईचे खेळ खेळतात."

बाबुलाल स्वतःच्या हाताकडं पाहत होता. हात लाल झाला होता.

"हे रक्त नव्हे, पूर्वजन्मीचं पाप..." महाराजांनी सुरुवात केली.

"चूप रे!" चंदाबाई म्हणाली. "मंग तुह्या पायातून काहून नाही वाहून राह्यलं?"

अप्पांनी डबा काढला आणि दुसऱ्या कुणाचा असावा तसा स्वतःचा पाय पाहिला. दीपानं ओढणी बांधली, ऑटो बोलावला. शिष्य तोवर सुषुम्ना नाडी गुंडाळत होता.

यवतमाळच्या दवाखान्यात दोन बोटं गेली, पाय वाचला. चंदाबाई भेटायला आली, खुर्ची ओढून हळूच म्हणाली, "मॅडम, झरीकडं एक बुवा आला म्हणते. पाण्यानं दिवा लावते. जाऊ का?"

"जा की," दीपा म्हणाली. "पण हात जोडायच्या आधी दिव्याला हात लावून पाहा, वात हुंगून पाहा, रसायनाचा वास येतो का, पाणी तुमच्या घरचं न्या. लावू दिला नाही, तर तिथं थांबू नका."