व्यंकटरावांचा इंग्रजी निबंध

वसमतच्या ब्राह्मणगल्लीत त्या सकाळी नेहमीचीच कामं चालली होती. पार्वतीबाई तुळशीला पाणी घालत होत्या, अंगणात हळकुंडं वाळत होती आणि माजघरात त्यांची विधवा लेक नर्मदा पाटावर कागद ठेवून भावाचा इंग्रजी निबंध लिहीत होती.

भाऊ व्यंकटराव हैदराबादेच्या कॉलेजात शिकत. मुख्य विषय इतिहास, जोडीला इंग्रजी भाषा आणि वाङ्मय. हे जोडीचं इंग्रजी त्यांनी मिरवण्यासाठी घेतलं होतं. लिहायची वेळ आली की सुट्टीत घर गाठायचं, एवढाच त्यांचा अभ्यास.

नर्मदा अकराव्या वर्षी कपाळ पांढरं करून माहेरी आली. वडील वकील होते. ते मुलाला इंग्रजी शिकवायला बसत, तेव्हा ही दाराआड बसून ऐके. मुलगा विसरे, मुलगी लक्षात ठेवी. वडील होते तोवर तिच्या केसांना हात लावायची कुणाची छाती झाली नाही. गेल्या पौषात ते गेले. पार्वतीबाईंनी रीतीप्रमाणे न्हाव्यापुढे डोकं दिलं, विधवेचं लाल आलवण नेसलं आणि तेव्हापासून लेकीच्या लांब केसांकडे बघण्याची त्यांची नजर बदलली.

निबंधाचा विषय होता, इंग्रजी कवितेतलं विधवेचं दुःख. दुपारी व्यंकटरावांनी तो ओसरीवर चार वडीलधाऱ्यांना वाचून दाखवला, वर मराठीत अर्थही सांगितला. एका गृहस्थांनी उपरण्याने डोळे पुसले.

"वा, व्यंकटराव! बापाचं नाव काढलं तुमी."

डोळे कोरडे होतात न होतात तोच तेच गृहस्थ म्हणाले, "उद्या मठाच्या स्वामींची पाद्यपूजा तुमच्या घरी हाये. केसवाली विधवा असलेल्या घरचं पाणी बी ते घेत न्हाईत, ठाऊक हाये ना?"

"उद्या सकाळीच दगडोबा न्हाव्याला बोलावलंय," व्यंकटराव म्हणाले आणि त्यांनी चहाचा घुटका घेतला. तो चहा नर्मदेने केला होता. माणसं इतकी निर्लज्ज असू शकतात, हे लिहितानाही शिसारी येते.

दाराआडून तिने सगळं ऐकलं. पाहुणे गेल्यावर ती भावासमोर उभी राहिली.

"दादा, काहून रे असं? आत्ताच तर तू इतकं वाचलंस."

"ते साहित्य हाये, नर्मदे. मनातून मी तुझ्याच बाजूचा हाये. पण स्वामी दारातून परत गेले तर मला पोरगी कोण देईल? केसात काय ठेवलंय?" मग कागद तिच्याकडे सरकवत ते म्हणाले, "आन हे शेवटचं जरा वाढव. आमच्या प्रोफेसरला करुण रस लई आवडतो."

नर्मदेने कागदाला हात लावला नाही.

सकाळी दगडोबा न्हावी परसात आला. पार्वतीबाईंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

"बस गं. माझं न्हाई झालं? मी मेले का?"

नर्मदा बसली नाही. दगडोबाने धोकटी सोडली, वस्तरा काढला आणि तो थांबला. सगळं वसमत त्याच्या हाताखालून गेलेलं, पण असं त्याने आजवर कुणाला म्हटलं नव्हतं.

"अक्का, तुमी व्हय म्हनल्याबिगर मी हात लावनार न्हाई. बकरं कापताना बी त्याच्या अंगावर पानी टाकतेत, त्यानं अंग झाडलं तरच होकार धरतेत."

माहेरी आल्यापासून तिला काही विचारणारा हा पहिला माणूस.

"न्हाई," नर्मदा म्हणाली. "मला केस काढायचे न्हाईत."

"तिला काय इचारतो? तुझं काम कर!" व्यंकटराव ओरडले आणि स्वतः पुढे होऊन त्यांनी बहिणीचा पदर खसकन ओढला. मनातून तिच्याच बाजूचे होते ना ते! दगडोबाने वस्तरा मिटला, धोकटी उचलली आणि मागे न बघता तो परसदाराने निघून गेला.

नर्मदेने भावाच्या हातातून पदर सोडवून घेतला. "तुझी बाजू तुझ्यापाशी ठेव, दादा. आन यापुढं तुझं तू लिव." असं म्हणून ती सरळ पुढच्या ओट्यावर जाऊन बसली, भर उन्हात, उघड्या डोक्याने. स्वामींची पालखी गल्लीच्या तोंडाशी आली, शिष्यांनी तिला पाहिलं आणि पालखी तिथूनच वळली. पार्वतीबाईंनी ऊर बडवून घेतला. त्या दिवसापासून गल्लीने त्या घरचं पाणी बंद केलं, आवतणं बंद झाली.

पंधरा दिवसांनी हैदराबादेला परतलेल्या व्यंकटरावांचं पत्र आलं. नर्मदा कशी आहे, हे एकाही ओळीत विचारलं नव्हतं. नव्या निबंधाचा विषय तेवढा लिहिला होता आणि खाली, 'चार दिवसांत धाड.' उत्तर गेलं नाही. परीक्षेत व्यंकटराव इंग्रजीत सपशेल नापास झाले. बातमी आली तेव्हा सारी ब्राह्मणगल्ली एकमुखाने म्हणाली, "होणारच! केसवाल्या रांडेचा अपशकुन, दुसरं काय?"

वाचकहो, वसमतच्या नावाने नाक मुरडू नका. आपल्याही घरात आलवण नेसलेली एखादी आत्या असेल, मावशी असेल. आज ताटावर बसण्याआधी तिच्याजवळ जा आणि केस काढले त्या दिवशी तिला कुणी विचारलं होतं का, एवढंच विचारा. उत्तर ऐकून घास उतरला तर जेवा.