पेटेंगिलच्या टेकडीचं तिकीट

ड्वाइट लमार नावाचा शाळामास्तर फेब्रुवारीच्या शेवटी लायल पेटेंगिलच्या स्वयंपाकघरात येऊन बसला, तेव्हा त्याच्या वहीत पाचशे एकोणीस मेलेल्या टेकड्यांची यादी होती. मेलेल्या म्हणजे बंद पडलेल्या. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात एके काळी ज्याच्याकडे उतार, दोर आणि जुनी मोटार होती तो प्रत्येक शेतकरी रविवारी आपल्या कुरणात स्कीवाल्यांना वर ओढत असे. पुढे मोठ्या डोंगरांवर माणसांना बसवून वर नेणारे तारेवरचे पाळणे आले आणि ही कुरणं एकेक करून झाडीत गेली. ड्वाइट त्यांचं पुस्तक करत होता, आणि महिन्याभरात ते छापायला जायचं होतं.

लायल शहात्तर वर्षांचा. गायी विकलेल्या, बायको गेलेली, गुडघे अजून जागेवर. ड्वाइटला त्यानेच पत्र पाठवून बोलावलं होतं, पण चेहरा असा ठेवला होता की कोणी तरी रस्ता चुकून आत आलंय.

"वर ओढायला काय होतं?" ड्वाइटने विचारलं.

"चौतीस सालचा फोर्ड ट्रक. मागचं चाक जॅकवर उचललेलं, टायर काढलेला. त्या रिंगवरून दोर."

"लांबी?"

"वर जायला सहाशे फूट. खाली यायचं ज्याचं त्याने."

"चालू कधी, बंद कधी?"

"चार हिवाळे. पंचावन्नच्या मार्चात बंद."

"आणि तिकीट?"

लायल कॉफी ढवळू लागला. कॉफीत साखर नव्हती.

तिकिटं होती. लायलच्या आईने चांगली पाचशे छापून घेतली होती. पण बाबांचा, म्हणजे क्लेटन पेटेंगिलचा, शेजाऱ्यांसमोर हातच पुढे होईना. कोणी विचारलं की ते म्हणायचे, "पुढच्या वेळी बघू." पुढच्या वेळीही तेच. लोक ओशाळून अंडी आणायचे, लोणचं आणायचे, एकाने जिवंत बदक आणलं. चार हिवाळे हे पाहिल्यावर आईने उरलेली तिकिटं चूल पेटवायला घेतली, आणि ती दोन वर्षं पुरली.

"मग अडचण आहे, मिस्टर पेटेंगिल," ड्वाइट म्हणाला. माणूस भला होता, त्याला वाईट वाटलं. "दोर हवा आणि तिकीट विकलेलं हवं, असा नियम आहे आमचा. नाही तर तो घरामागचा उतार ठरतो. घरामागचे उतार घ्यायला लागलो तर पुस्तक उचलायला दोन माणसं लागतील."

"एखादं तिकीट सापडलं तर?"

"एक पुरे."

लायल जन्मभर कुठल्या पुस्तकासाठी अडून बसला नव्हता. पण हे त्याला हवं होतं, आणि कारण जुनं होतं. दोराच्या धंद्यात एक नियम असतो: इंजिन बंद करायच्या आधी वर बघून ओरडायचं, "दोरावर कोणी आहे का?" न विचारता बंद केलं तर वरची सगळी माणसं एकमेकांवर ढीग होऊन खाली येतात. म्हातारपणी बाबा दवाखान्यात होते तेव्हा शेवटचे चार दिवस त्यांनी तेवढंच विचारलं होतं. "लायल, दोरावर कोणी आहे का रे?" आणि लायल, खरं बोलायची सवय असलेला मुलगा, चारही दिवस म्हणाला, "कोणी नाही, बाबा." बाबा मान हलवून भिंतीकडे वळायचे. त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि लायलला त्या उत्तराची अजून लाज वाटत होती.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभा भरली. रस्त्यावरच्या बर्फावर मीठ टाकायचं की वाळू, यावर दोन तास गेले, वाळू जिंकली, आणि मग मेपल झाडाच्या गोड रसाच्या पाकात शिजवलेला घेवडा खायला सगळे लांब बाकांवर बसले. तेव्हा लायल उठून उभा राहिला. तीस वर्षांत तो सभेत बोललेला नव्हता, त्यामुळे चमचे आपोआप थांबले.

"बाबांच्या टेकडीचं तिकीट कोणाकडे आहे का?" तो म्हणाला, आणि खाली बसला.

गावाचं मन मोठं. ड्वाइट वही घेऊन बसलाय हे कळताच आठवणींना पूर आला.

"मी घेतलं होतं की! लाल होतं."

"लाल कसलं? निळं. माझ्या कोटाला लावलेलं होतं."

"हिरवं होतं, आणि त्यावर हरीण होतं," असं जो म्हणाला तो एकसष्ट साली जन्मलेला होता.

ड्वाइटने सगळं निमूट लिहून घेतलं आणि वही मिटली. "आत्तापर्यंत तीन रंग झाले," तो म्हणाला.

"चौथा लिहू नका," टोकाच्या बाकावरून आवाज आला. अर्डिस स्टिकनी विणकामातून मान वर न करता बोलत होती. एकतीस वर्षं ती गावची कारकून होती. जन्म, मृत्यू, लग्नं आणि कुत्र्यांचे परवाने तिने लिहिले आणि त्यांत एका अक्षराची खोट कोणाला सापडली नाही. "सगळे खोटं बोलताय तुम्ही. चांगल्या मनाने बोलताय, पण खोटंच. क्लेटन पेटेंगिलने अख्ख्या आयुष्यात एकच तिकीट विकलं. पांढरं. माझ्याकडे आहे ते."

सगळ्या माना लायलकडे वळल्या. पेटेंगिल आणि स्टिकनी यांच्यात चौसष्ट वर्षं "रस्ता निसरडा आहे" याच्यापुढे बोलणं गेलेलं नव्हतं, हे गावात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं.

भांडण झाडावरून झालं होतं. चौपन्नच्या वादळात क्लेटनचं टेकडीवरचं झाड पडलं. दोराची वरची कप्पी त्याच झाडाला असायची, म्हणून त्याने ती पुढच्या झाडाला साखळीने बांधली. पुढचं झाड होतं मेपल, आणि ते दगडी बांधाच्या बारा फूट पलीकडे, हॅरिस स्टिकनीच्या, म्हणजे अर्डिसच्या वडिलांच्या, हद्दीत होतं. हॅरिसचं सर्वांत जास्त रस देणारं झाड. मार्चात तो रसासाठी बादल्या टांगायला वर गेला, तर मेपलच्या कमरेला साखळी आणि सालीला काचून पडलेलं वळं. हॅरिस एक शब्द बोलला नाही. साखळी सोडली, दोर नीट गुंडाळला, क्लेटनच्या पायरीवर ठेवला आणि घरी गेला. क्लेटननेही हूं की चूं केलं नाही. टेकडी बंद पडली. पुढे त्या दोराने त्याने गवताचे भारे बांधले.

बुधवारी सकाळी लायल अर्डिसच्या दारात उभा राहिला. टोपी हातात होती.

"रस्ता निसरडा आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे. आत ये, ऊब बाहेर चाललीय."

तिने पत्र्याचा डबा काढला. त्यात तिचा जन्मदाखला, मेलेल्या चार कुत्र्यांचे परवाने आणि तळाशी तिकीट. पांढरं, कडा पिवळ्या पडलेल्या. छापलेलं होतं: पेटेंगिल टेकडी. दोराने एकदा वर.

"चार हिवाळे मी बांधावर बसून तुम्हा सगळ्यांना वर जाताना पाहायची," अर्डिस म्हणाली. "आमचे वडील म्हणायचे, फुकटचं आपण घेत नाही. आणि तुझे बाबा तर पैसे घ्यायला तयार नाहीत! शेवटी माझ्या दहाव्या वाढदिवसाला वडील तुमच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले, तिकीट मिळेपर्यंत हलले नाहीत. रविवारी मी जायची होते. शनिवारी ते बादल्या टांगायला गेले."

लायलने हात पुढे केला. तिने तिकीट पुन्हा डब्यात ठेवलं.

"हे वापरलेलं नाही," ती म्हणाली.

"दिसतंय."

"वापरल्यावर देईन. तिकिटाचं तसंच असतं."

"अर्डिस, तिथे आता रान माजलंय. ट्रॅक्टरवर बसवून नेतो तुला वर."

"दोराने, असं लिहिलंय."

"सहाशे फूट झाडी तोडू मी? या वयात?"

"वर, एवढंच लिहिलंय. कुठून, ते लिहिलेलं नाही. आमच्या मेपलांच्या खालचे दोनशे फूट मोकळे आहेत." चौसष्ट वर्षं तिने तो मजकूर वाचला होता. त्यात सूट कुठे आहे ते तिला तोंडपाठ होतं.

लायल टोपी फिरवत राहिला. "दोराला वर काही तरी आधार लागेल."

"लागेलच."

"त्या जागी एकच झाड आहे."

"आहे."

लायलने टोपी टेबलावर ठेवली. आता विचारणं आलं. बर्फाळ रस्त्यावरून येण्यापेक्षा हे जड होतं. "अर्डिस," तो शेवटी म्हणाला, "तुझ्या मेपलला कप्पी बांधू का?"

अर्डिसने सुया खाली ठेवल्या.

"त्या रविवारी आमचे वडील दिवसभर बाहेर पायरीवर बसले होते. थंडीत. आई बोलवून दमली. ते म्हणत होते, क्लेटन येईल, एवढंच विचारेल, मी हो म्हणेन."

"आमच्याकडे बाबा खिडकीशी बसले होते. म्हणाले, हॅरिस येऊन दोन शिव्या देईल, मग मी माफी मागेन."

"गाढवं."

"गाढवं ओरडतात तरी."

"बांध जा," ती म्हणाली. "साखळीखाली गोणपाट घाल. सालीला लागलं तर गाठ माझ्याशी आहे."

लायलने नवा दोर आणला. ट्रॅक्टर मेपलच्या दोनशे फूट खाली बांधाशी नेला, मागचं चाक जॅकवर उचललं, टायर काढला. दोन दिवस वाटेतली रोपटी तोडली. शनिवारी ड्वाइट आला आणि मास्तरकी विसरून फांद्या ओढत बसला. मेपलला एकावर एक तीन गोणपाटं घातली. जुनं वळं सालीत अजून दिसत होतं. झाड त्याच्याभोवती फुगलं होतं, पण ते बुजलं नव्हतं.

रविवारी दहा वाजता अर्डिस आली. स्की पायात, डोक्यावर लोकरीची टोपी, हातात आईने विणलेल्यासारखे जाड हातमोजे. स्कीवरून टपालपेटीपर्यंत ती रोज जायची, त्यामुळे पायांची काळजी नव्हती.

"चामड्याचे घालायचे होतेस," लायल म्हणाला. "दोर लोकर खातो."

"खाऊ दे."

तिने तिकीट दिलं. बाबा जसं करतील असं त्याला वाटलं तसा लायलने त्याचा कोपरा फाडला आणि उरलेलं ड्वाइटच्या हातात ठेवलं. ड्वाइटने ते दोन बोटांनी धरलं.

इंजिन सुरू झालं. दोर थरथरला, बर्फातून उठला आणि चालू लागला. अर्डिसने आधी नुसता हातातून सरकू दिला, मग हळूहळू मूठ आवळली. चार हिवाळे पाहून ते ती शिकली होती. लोकरीचा जळका वास आला. ती हलली. पाठ ताठ, मान सरळ, गावसभेला निघाल्यासारखी ती टेकडी चढू लागली, आणि दहा पावलांवर गेल्यावर एकदम हसली. मोठ्याने, लहान मुलीसारखी. लायलने तिला जन्मात हसताना ऐकलेलं नव्हतं. 

ड्वाइटने वही उघडली. "पाचशे वीस," तो लिहीत म्हणाला. "पेटेंगिल टेकडी. दोर, सहाशे फूट. विकलेली तिकिटं, एक. बंद झाल्याची तारीख पंचावन्नचा मार्चच लिहू ना?"

लायलचा हात इंजिनाच्या किल्लीवर होता. त्याने वर पाहिलं. मेपल अजून साठेक फूट लांब होता.

"थांब, मास्तर," तो म्हणाला. "दोरावर माणूस आहे."