ज्या दिवशी मी रस्ता सोडून मनोरा दाखवला

मित्रांनो, माझ्यात तोंड बघायला आलात तर नाक बटाट्याएवढं दिसेल. आधीच सांगून ठेवतो, मग माझ्यावर रुसू नका. मी डोंगररस्त्याच्या वळणावर खांबाला अडकवलेला, मध्ये फुगीर आणि काठाला लाल रंग दिलेला एक जुना आरसा आहे.

माझा जन्म सपाटीवरच्या एका कारखान्यात झाला. पाठीला चकचकीत लेप चढवून झाल्यावर तिथल्या कारागिराने पहिल्यांदा माझ्यात तोंड पाहिलं. "मी तर थेट सासऱ्यांसारखा दिसतोय," असं म्हणून तो पोट धरधरून हसला. माझं पहिलं कौतुक ते असं झालं.

मग एका टेम्पोत मागे तोंड करून मला वर आणलं. आयुष्यात तेवढा एकच प्रवास मी केला, पण तो अजून जसाच्या तसा आठवतो. पहिल्या गावाची दगडी वेस इतकी अरुंद होती, की टेम्पोवाल्याने बाजूचे आरसे मिटून घेतले आणि श्वासही रोखून धरला. दुसऱ्या गावात जुने लाकडी सज्जे रस्त्यावर झुकले होते. समोरासमोरच्या दोन शेजारणी आपापल्या सज्ज्यातून हात लांब करून वाटीची देवाणघेवाण करत होत्या. तिसऱ्या गावात घड्याळाचा उंच मनोरा होता. त्यातलं घड्याळ कधीचंच दहा वाजून दहा मिनिटांवर थांबलेलं होतं. गावाबाहेर पडलो आणि एका बाजूला खोल हिरवी दरी उघडली. तिथेच, कड्याला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर माझा खांब रोवला गेला.

माझ्या खांबापाशी उभं राहिलं की वळणाच्या दोन्ही बाजू दिसतात, गाडीतून मात्र एकच दिसते. दुसरी दाखवायचं काम माझं. दोन माणसांनी ते काम मनापासून ओळखलं होतं. एक, रस्ता झाडणारी मावशी. दुसरा तिचा नवरा, जो रोज सकाळी प्रवाशांची बस वर आणायचा. त्या लांबलचक बसला हे वळण घ्यायला अख्खा रस्ता लागतो. तो खालच्या वळणावर दोनदा हॉर्न वाजवायचा आणि माझ्याकडे बघायचा. माझ्यात गाडी दिसली नाही की रस्ता मोकळा, ही त्याची वीस वर्षांची सवय. मावशी दर सोमवारी शिडी लावून ओल्या फडक्याने मला पुसायची. "नीट बघ रे बाबा, आमचं माणूस येतंय," असं मला बजावून खाली उतरायची.

बाकी कुणी माझ्याकडे ढुंकूनही बघत नसे. प्रवासी गाडीतून उतरत, दरीचे फोटो काढत आणि माझ्या खांबाला पाठ टेकून उभे राहत. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मनोरा खूप वर्षांचा झाला म्हणून गावाने त्याचा वाढदिवस करायचं ठरवलं. सजावटीचं काम होतं फोटो स्टुडिओवाल्याकडे. हौशी माणूस. त्याच्या डोक्यात एक कल्पना आली. रविवारी संध्याकाळी त्याने पान्याने माझे बोल्ट सैल केले, मला गावाकडे वळवलं आणि पुन्हा घट्ट आवळलं. आता माझ्यात बघणाऱ्याला स्वतःबरोबर मनोराही दिसू लागला. पाहुण्यांची रांग लागली. "काय झकास आरसा आहे," असं जो तो म्हणू लागला. मित्रांनो, मी हुरळून गेलो. इतक्या वर्षांत प्रथमच कुणीतरी मला मला म्हणून बघत होतं.

दुसऱ्या दिवशी सोमवार. मावशी शिडी आणि झाडू घेऊन आली आणि माझ्याकडे बघून जागीच थबकली. तिने दोन्ही हातांनी मला वळवायचा प्रयत्न केला. बोल्ट हलेनात. तेवढ्यात खालून दोनदा हॉर्न वाजला, आणि वरून लाकडं भरलेल्या ट्रकची घरघर ऐकू आली. बसमध्ये तिचा नवरा होता. तो माझ्याकडे बघणार होता, आणि मी त्याला दहा वाजून दहा मिनिटं दाखवत होतो.

पुढचं मला दिसलं नाही, ही माझी खरी शिक्षा. माझ्या कडेला फक्त तिच्या झाडूचं टोक दिसलं, उंच धरलेलं. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहून ट्रककडे झाडू आणि बसकडे हात दाखवत ओरडत होती, हे मला मागाहून लोकांच्या बोलण्यातून कळलं. दोन्हीकडून ब्रेकचा कर्कश आवाज आला. मग काहीच आवाज आला नाही. मला वाटलं, संपलं सगळं.

तेवढ्यात बसचं दार उघडल्याचा आवाज आला. तिचा नवरा उतरून माझ्या खांबाशेजारच्या कठड्यावर बसला.

"माझा डबा राहिला होता का घरी? म्हणून थांबवलंस?" त्याने विचारलं.

"डबा आहे तुमच्याजवळ," मावशी म्हणाली आणि त्याच्या शेजारी बसून रडू लागली.

फोटोवाला धावत आला. काय झालं ते त्याला कुणी सांगायची गरज पडली नाही. त्याने बसमधलाच पाना घेतला आणि मान खाली घालून मला फिरवू लागला. पाना निसटून माझ्या तोंडावर ओरखडा उठला. "माफ करा," तो म्हणाला. ते मला म्हणाला की त्या दोघांना, कोण जाणे.

आता मावशीचे गुडघे दुखतात. दर सोमवारी बस माझ्यापाशी थांबते. नवरा शिडीवर चढून मला पुसतो आणि ती बसच्या पायरीवर बसून सांगते, "खालची कड राहिली बघा."

मित्रांनो, या रस्त्याने आलात तर वेस बघा, सज्जे बघा, मनोरा बघा. माझं कौतुक नाही केलंत तरी चालेल. धूळ दिसली तर पुसा आणि माझं तोंड होतं तिकडेच राहू द्या. खालून कुणाचं तरी माणूस येत असतं.