पेटीतल्या मालतीबाई

दत्तारामबाबांच्या पेडण्यातल्या घरासमोर चपलांचा खच पडला होता. आत कॉम्प्युटरला अबोलीची माळ, पुढे नारळांची रास आणि पडद्यावर मालतीबाईंचा फोटो. नुकत्याच सरलेल्या पावसाळ्यात त्या कर्करोगाने गेल्या. पण दसऱ्यापासून त्यांच्या आजारपणाचे सगळे फोटो कॉम्प्युटरमधून नाहीसे झाले होते! उरल्या होत्या त्या आजाराआधीच्या, भरल्या अंगाच्या, हसऱ्या मालतीबाई.

"देवीन तिचा दुखणा पुसून टाकल्यान!" गावचा देवऋषी बाबली घाडी गरजला. त्याने कॉम्प्युटरच्या पेटीचं झाकण काढून आतल्या दोन डिस्क दाखवल्या. "ही बायची. आणि ही तिच्या रोगाची. बघा, हिची वायर सुटली असा! बायन हिका आपणच सोडल्यान. अवसेक ही न्हंयत टाकूक व्हयी, नायतर रोग घरात रवतलो."

डिस्कमध्ये रोग शोधणारा असा तज्ज्ञ मी पहिल्यांदाच पाहिला. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो, त्यामुळे हसू फुटणारच होतं. पण दत्तारामबाबांकडे पाहिलं आणि ते विरलं. मुलगा गौरेश जहाजावर. बायकोचं दिवसकार्य संपलं, तसं घरात कुणी फिरकलं नव्हतं. आज ते आलेल्या प्रत्येकाला "बसा, च्या घेवा" म्हणत होते, आणि खरंच खूश होते. मला फार वाईट वाटलं.

"बाबा, अमावस्येला ती डिस्क नदीत टाकू नका," मी म्हणालो. "मालतीबाईंचे शेवटचे महिने तिच्यातच आहेत."

"मास्तर, देवीच्या कामात हात घालू नको!" घाडी डोळे वटारत म्हणाला.

मी पडद्यावर आज्ञा देण्याची काळी चौकट उघडून एक ओळ टाइप केली. कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्सने सरळ सांगितलं: दोनपैकी एकच डिस्क हजर.

"गौरेशने दोन्ही डिस्क जोडीने बांधल्या होत्या," मी सांगितलं. " एक फोटो ठेवला की दोन्हींवर उतरतो. एक गेली तर दुसरी असावी म्हणून. बाबा, खंडेनवमीला पेटी पुजलीत ना?"

"पुजलंय. उचलून पाटार ठेवलंय."

"तिथेच पाणी मुरतंय. घाडी जिला 'बायची' म्हणतो, त्या डिस्कची वायर वर्षभर ढिली होती, म्हणून नवे फोटो तिच्यावर उतरलेच नाहीत. पेटी हलली, ती वायर घट्ट बसली आणि दुसरीची निसटली. मशीन गेल्या वर्षीच्या नकलेवर जागं झालं, इतकंच."

"मग जोड दोनूय!" घाडी खिजवत म्हणाला.

"आंधळेपणाने जोडल्या, तर जुनी नक्कल नवीवर चढायची, आणि शेवटचे फोटो कायमचे जायचे." मी जुन्या नकलेची डिस्क बाजूला केली आणि सुटलेली वायर जोडली.

फोटो आले. केस गेलेल्या मालतीबाई, हॉस्पिटलची खाट. मग एक व्हिडिओ, क्षीण आवाजात: "अवो, जेवलात?"

दत्तारामबाबा पडद्याला हात लावून रडले. घाडी केव्हा सटकला कळलं नाही. मागोमाग लोकही उठले. कुणाला आजारी बाई बघायची नव्हती.

मी फोटोंची वेगळी प्रत काढली. मग कोरी करून घेतलेली जुनी डिस्क पुन्हा जोडीला लावली. शेवटच्या फोटोंच्या डिस्कवरून तिच्यावर नक्कल उतरू लागली. घरात फक्त पंखा आणि आम्ही दोघं.

"मास्तर, फाल्या कोण येवचो नाय," उद्याच्या विचाराने ते म्हणाले.

मी उठून दोघांसाठी चहा ठेवला.

वाचकहो, चमत्कार दिसला की नारळ फोडण्याआधी झाकण उघडा, वायर तपासा, कारण विचारा. आणि एकट्या पडलेल्या माणसाच्या घरी जायला चमत्काराची वाट बघू नका. आपण जात नाही, म्हणूनच तिथे घाडी जातो.