चहा म्हणजे खाली ठेवा

"चहा!" मी ओरडलो, आणि जावयाने कपाट सोडून कपाळाचा घाम पुसला.

त्याच्या बाजूचा कोपरा पायरीवर आदळला. कपाटाच्या आरशाला वरपासून खालपर्यंत तडा गेला. वरच्या मजल्यावर घरमालकीण किंचाळली, आणि हा पठ्ठ्या मलाच विचारतो, "कुठे आहे चहा?"

मी डोक्याला हात लावला. आमच्या टोळीत "चहा" म्हणजे सगळ्यांनी एकदम गुडघ्यात वाकून सामान अलगद खाली ठेवायचं. पूर्वी सामान ठेवलं की खरोखरच चहा व्हायचा. पुढे चहा बंद झाला, शब्द राहिला. लोकांची बिऱ्हाडं हलवण्यात आम्ही तिघं म्हातारे झालो: मी, पैलवान आणि बडबड्या. पैलवान काडीसारखा, आणि बडबड्या दिवसात दोन वाक्यं बोलेल तर शपथ. चौथा सोडून गेला म्हणून हा नवा आला. पहिल्याच दिवशी ग्राहकाच्या सोफ्यावर बसून "काय करायचं सांगा" म्हणाला, तेव्हाच त्याचं नाव जावई पडलं.

गाडीच्या मालकाने मला बाजूला घेतलं. "मामा, अजून एक वस्तू फुटली तर टोळी मोडतो. एकेकाला वेगळ्या गाडीवर टाकतो."

याला काय जातं बोलायला! पैलवान माझ्या आवाजावर जिना उलटा उतरतो, मान वळवून बघत नाही. परक्या माणसाच्या आवाजावर तो कसा उतरेल?

मग सुरू झाली रोजची कटकट.

"तू ओढतोस!" जावई म्हणायचा.

"तू ढकलतोस म्हणून ओढतो!" पैलवान म्हणायचा.

"अरे, कपाट आहे की रस्सीखेच?" मी.

"दोघंही गाढव," बडबड्या म्हणाला, आणि त्याचं त्या दिवसाचं बोलणं संपलं.

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्याकडून गोदामातलं जुनं टेबल उचलून घ्यायचो. उचला. चहा. उचला. चहा. एकदा जावई म्हणाला, "मामा, एवढ्या चहाने पित्त होईल." पैलवान फिसकन हसला. मी खेकसलो, पण मनात म्हटलं, चला, हसला तरी.

त्यानंतर माझा गुडघा सुजला. घरी बसून मी बायकोचं डोकं खाल्लं.

"फोन आला का?"

"नाही."

"नक्की काहीतरी फोडलं."

"फोडलं असतं तर आला असता," ती म्हणाली, आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

परत कामावर गेलो तो दिवस अजून आठवतो. पुन्हा जिना, पुन्हा आरशाचं कपाट. वळणावर जावई ओरडला, "सासू!"

कुणाची सासू आली म्हणून मी दाराकडे बघितलं. तेवढ्यात तिघांनी कपाट तिरकं केलं. माझा कोपरा एकटा सरळ राहिला आणि भिंतीचा पोपडा घेऊन खाली आला. आरसा वाचला.

"सासू काय, सासू?"

"वळणावर तोंड वाकडं करायचं, मामा," जावई हळू म्हणाला. "कपाटाचं."

"कोणी ठरवलं हे?"

"कुणीच नाही," बडबड्या म्हणाला. "झालं आपोआप."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, चार शिव्या तरी घालता आल्या असत्या.

"मामा," पैलवान माझ्याकडे न बघता म्हणाला, "खालचं दार धरता का? वाऱ्याने आपटतंय."

वारा नव्हता. मी दार धरलं.

तिघं खाली आले. पैलवान उलटा उतरत होता, मान न वळवता, जावयाच्या आवाजावर. अंगणात पोचल्यावर जावई ओरडला, "चहा!"

कपाट जमिनीला टेकलं तरी आवाज झाला नाही. आरशातलं आभाळ जरासं हललं आणि थांबलं.

दाराशी माझेही गुडघे वाकले होते. हात पुढे होते, तळवे वर.