डोक्यात गेलेलं पाणी

वीस वर्षं पेशींवर व्याख्यानं देणाऱ्या प्राध्यापकांनी मीठ बंद केलं आणि रोज सात लिटर पाणी प्यायला सुरुवात केली. शरीर आतून धुऊन निघतं, असं ते बायकोला ठणकावून सांगत. आठव्या दिवशी ते वर्गाऐवजी ग्रंथालयात शिरले आणि रिकाम्या खुर्च्यांची हजेरी घेऊ लागले. ग्रंथपालबाईंनी त्यांना धरून इस्पितळात नेलं.

रक्तातलं सोडियम तळाला गेलं होतं. तिथली डॉक्टर त्यांचीच जुनी विद्यार्थिनी निघाली. तिने बेताबेताने सलाईन दिलं. दुसऱ्या दिवशी प्राध्यापक भानावर आले.

"सर, सोडियम घटलं की पाणी पेशींत शिरतं आणि त्या फुगतात. मेंदूच्यासुद्धा," ती म्हणाली.

"हे कोणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच!"

प्राध्यापकांना हसावं की तोंड लपवावं, ते कळेना. "बायको म्हणायची, माझ्या डोक्यात हवा गेलीय," ते पुटपुटले. "पाणी होतं, एवढंच तिचं चुकलं."

पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःचाच रिपोर्ट फळ्यावर उतरवला. रुग्ण कोण, असं एकीने विचारलं.

"आहे एक अतिशहाणा," ते म्हणाले, "आणि आता त्याला तुमच्यासमोर उभं राहून शिकवायचंय."